शाळेचा मेल सर्व्हर जुन्या मशीनवर: काय आपल्याकडे ठेवायचं, काय बाहेर सोपवायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आसपास मराठी मंडळींच्या ट्रस्टची शाळा, साठेक शिक्षक-कर्मचारी, आठवी ते बारावीची चारशे मुलं. संगणक कक्षातून काढलेलं एक आय-थ्री मशीन पडून आहे, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. ट्रस्टींना शाळेच्या नावाचे ईमेल पत्ते हवेत, पण दर खात्यामागे वर्षाचे पैसे द्यायचे नाहीत. मुलांचा पत्रव्यवहार बाहेरच्या कंपनीकडे जाऊ नये, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं आहे. हे मशीन पुरेल का, आणि पुरत असेल तर सुरुवात कुठून करायची?

मशीन पुरेल, आणि आरामात पुरेल. साडेचारशे माणसांची टपाल घेणं, जागेवर ठेवणं आणि मागितली की दाखवणं हे काम प्रोसेसरला जड नाही. पण शाळेचा सर्व्हर बंद पडतो तो मशीन कमी पडलं म्हणून क्वचितच. बहुतेक ठिकाणी दोनच कारणं दिसतात. एक, शाळेतून गेलेली पत्रं पालकांच्या जीमेलमध्ये पोचत नाहीत किंवा थेट स्पॅममध्ये जातात. दोन, ज्या शिक्षकाने सगळं उभं केलं तो शाळा सोडून जातो आणि मागे कुणालाच काही ठाऊक नसतं. म्हणून माझा सल्ला सुरुवातीलाच देतो: मेलबॉक्स शाळेत ठेवा, बाहेर पत्र पाठवण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवा, आणि मुलांची खाती शाळेच्या आतल्या आत बंद ठेवा. शिवाय सांभाळणारा दुसरा माणूस आजच नेमता येत नसेल, तर हे काम हाती घेऊच नका.

त्याआधी एक पर्याय ट्रस्टींसमोर प्रामाणिकपणे मांडा. पात्र शाळांना गूगलची वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती फुकट मिळते, मायक्रोसॉफ्टचीही शिक्षणासाठीची ए-१ आवृत्ती फुकट आहे. गरज फक्त शिक्षकांच्या पत्त्यांची असेल तर ती घ्या आणि मोकळे व्हा. स्वतःचा सर्व्हर मी सुचवतो तो मुलांमुळे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर निर्बंध आहेत. शाळांना यात काही सवलती आहेत, तरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची पत्रं कुठे राहतात, कोण वाचू शकतं आणि मूल शाळेतून गेल्यावर त्यांचं काय होतं, याचं उत्तर मुख्याध्यापिकांना स्वतः देता यायला हवं. त्यांची काळजी मला रास्त वाटते. पालकांचं संमतीपत्रही प्रवेशाच्या फॉर्मबरोबरच घेऊन ठेवा.

आता मशीन. त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून टाका. किती वर्षं फिरली ते ठाऊक नसलेल्या डिस्कवर मुख्याध्यापिकांचा पत्रव्यवहार ठेवणं मला पटत नाही. ५०० जीबीच्या दोन साटा जोडणीच्या एसएसडी घ्या आणि लिनक्सच्या एमडी-रेडने एकीची प्रत दुसरीवर राहील असं जोडा. जागेचा हिशेब सोपा आहे: साठ कर्मचाऱ्यांना ४ जीबीप्रमाणे २४० जीबी, चारशे मुलांना २०० एमबीप्रमाणे ८० जीबी, म्हणजे सगळे कोटे काठोकाठ भरले तरी ३२० जीबी. सुरुवातीची काही वर्षं याच्या जवळपासही जाणार नाही.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर-२०३२, लगेच बदला. जुन्या मशीनमध्ये तो संपलेलाच असतो. मग लाइट जाऊन आली की घड्याळ मागे जातं, स्क्रीनवर ‘एफ-१ दाबा’ असा संदेश येतो आणि मशीन तिथेच थांबून राहतं. शनिवारी दुपारी लाइट गेली तर सोमवारी सकाळपर्यंत सर्व्हर कुणीतरी एफ-१ दाबण्याची वाट बघत उभा. सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन वीज परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं ही सेटिंग लावा, आणि कीबोर्ड नसला तरी थांबू नये हीसुद्धा. घड्याळासाठी क्रोनी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवत राहणारा प्रोग्राम, चालू ठेवा. वेळ चुकली की पत्रांवर चुकीच्या तारखा पडतात.

यूपीएस हवाच, साधा १ केव्हीएचा चालेल, पण यूएसबीची तार असलेला घ्या. ती तार मशीनला जोडून नट नावाचं सॉफ्टवेअर लावलं की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. बॅटरीतला दम किती ते पाहायला महिन्यातून एकदा प्लग काढून बघा. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घ्या. सर्व्हर चालू आणि राउटर बंद असा प्रकार बऱ्याच शाळांत सापडतो.

एमजीव्हीसीएलची लाइट तासभर गेली किंवा अख्खा दिवस आली नाही, तरी पत्रं हरवतील ही भीती बाळगू नका. आजच्या ईमेलची मूळ रचना १९८२ सालची आहे आणि तेव्हा मशीनं सतत जोडलेली नसायची, त्यामुळे पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. आजच्या नियमातही हार मानण्याआधी किमान ४-५ दिवस प्रयत्न करावा असंच आहे. घरी कुणी नसलं की पोस्टमन रजिस्टर पत्र परत नेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवतो, तसंच. म्हणून पर्यायी दुसरा एमएक्स सर्व्हर, म्हणजे शाळेच्या नावाने पत्रं स्वीकारणारा राखीव सर्व्हर, ठेवायचा खर्च करू नका. ढिलं संरक्षण असलेला असा दुसरा सर्व्हर शोधूनच स्पॅमवाले शिरतात.

जागा निवडताना तळमजला सोडा. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्रीचा पूर आपण सगळ्यांनी बघितला आहे. शाळेचं ऑफिस तळमजल्यावर आहे म्हणून सर्व्हरही तिथेच, असं करू नका. पहिल्या मजल्यावरची, कुलूप लागणारी, वारा खेळणारी खोली बघा. गच्चीखालची खोलीही नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि वर तापलेला स्लॅब असतो. धूळ आत जाऊ नये म्हणून मशीन जमिनीपासून हातभर उंच ठेवा आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत पंखा साफ करा.

विजेचाही विचार करा. मशीन सरासरी ४० वॅट खात असेल तर वर्षाला ३५० युनिट होतात. छोटा मिनी पीसी साधारण १० वॅटमध्ये हेच काम करतो, म्हणजे नव्वदेक युनिट. आत्ता जुन्यावर सुरू करा, आणि हे मशीन दमलं की मिनी पीसीकडे जा. खाली सांगतो त्या पद्धतीने पत्रं ठेवली असतील तर हलवणं एका दुपारचं काम आहे.

सॉफ्टवेअरमध्ये मला फार पर्याय सुचवायचे नाहीत. डेबियन हे लिनक्स घाला, त्यावर पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी, आणि ब्राउझरमधून बघायला राउंडक्यूब. पोस्टफिक्स १९९८ पासून आहे, डव्हकॉट २००२ पासून, त्यामुळे कुठलीही अडचण आधी कुणाला तरी आलेली असतेच. सगळं एकत्र बांधून देणारे तयार संचही आहेत. त्यातला मेलकाऊ छान आहे पण किमान ६ जीबी रॅम मागतो, तुमच्या मशीनवर तो धापा टाकत चालेल. एकेक भाग हाताने लावला तर ८ जीबीमधली निम्म्याहून जास्त रॅम मोकळी राहते, आणि कुठलं चाक कुठे फिरतं हे तुम्हाला कळलेलं असतं. शिकवणाऱ्या माणसाला ते कळायलाच हवं, असं मला वाटतं.

इथे एक सावधगिरी. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात डव्हकॉट २.४ आहे. या आवृत्तीत सेटिंगच्या फायली लिहिण्याची पद्धत बदलली आहे. नेटवर सापडणारे बहुतेक मार्गदर्शक लेख २.३ साठी लिहिलेले आहेत, त्यातल्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या तर डव्हकॉट सुरूच होणार नाही. लेख उघडला की आधी आवृत्ती बघा.

पत्रं मेलडिर पद्धतीने ठेवा, म्हणजे प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल. लाइट जाऊन एखादी फाइल अर्धवट राहिली तर तेवढं एक पत्र जातं, अख्खा मेलबॉक्स बिघडत नाही. बॅकअप घेतानाही फक्त नव्या फायली उचलाव्या लागतात.

क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम एकटाच १ जीबीहून जास्त रॅम अडवतो, कारण सगळ्या खुणा तो मेमरीत धरून बसतो. ८ जीबीत बसेल, पण शाळेसाठी मला त्याहून उपयोगी वाटतं ते म्हणजे जोडपत्रांचे काही प्रकार सरसकट नाकारणं: ईएक्सई, एससीआर, जेएस, आयएसओ, आणि मॅक्रो असलेल्या वर्ड-एक्सेल फायली. शाळेत यातलं काही ईमेलने यायचं कारणच नसतं.

आरस्पॅमडी लावल्यावर अनबाउंड नावाचा स्वतःचा छोटा डीएनएस रिझॉल्व्हरही, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारा प्रोग्राम, त्याच मशीनवर चालवा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. स्पॅमहाउससारख्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत. मग याद्या लावलेल्या दिसतात, पण गाळलं काहीच जात नाही.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ‘थोड्या वेळाने या’ सांगणं, बंदच ठेवा. बोर्डाच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी ईमेलवर येतो आणि तो दहा मिनिटांनी पोचला तर फॉर्म भरणाऱ्या क्लार्कला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता मुख्य अडचण, पत्र बाहेर पाठवण्याची. इंटरनेट कंपन्या साध्या जोडणीवरचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ते दार, बहुधा बंद ठेवतात. जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, बदलता असतो, आणि पुष्कळदा तुमचा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे असतात. स्थिर आयपी विकत घेतला तरी त्याची उलटी नोंद, म्हणजे त्या क्रमांकावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, फक्त इंटरनेट कंपनीच करू शकते. ती नसली की जीमेल ५.७.२५ हा कोड देऊन पत्र परत करतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे नियम आणखी घट्ट केले आहेत: कुणीही पाठवलं तरी एसपीएफ (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात ती यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यातलं किमान एक हवं, आणि दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क, म्हणजे ही तपासणी जुळली नाही तर पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद. यातलं काहीच नसेल तर ५.७.२६. तुमच्या पालकांपैकी जवळपास सगळे जीमेलवर असणार, म्हणजे गूगलचे नियम हेच तुमचे नियम.

म्हणून बाहेर जाणारी पत्रं एखाद्या रिले सेवेतून, म्हणजे तुमच्या वतीने पत्रं पुढे पोचवणाऱ्या कंपनीतून, पाठवा. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट ही एक ओळ भरायची, ५८७ किंवा २५२५ पोर्ट द्यायचं, नाव-पासवर्ड द्यायचा. अ‍ॅमेझॉनची एसईएस सेवा हजार पत्रांमागे १० अमेरिकन सेंट घेते. शाळेच्या महिन्याभराच्या पत्रांचा खर्च त्यात चहापाण्याइतकाही येत नाही. अशा सेवांचे आयपी पत्ते नावाजलेले असतात आणि ते नाव टिकवायला त्यांच्याकडे माणसं बसलेली असतात. शाळेने ते ओझं उचलायचं कारण नाही. बाहेर जाणारं पत्र त्यांच्या सर्व्हरवरून जातं एवढंच, मेलबॉक्स तुमच्याकडेच राहतात. शाळेच्या आतली पत्रं तर बाहेर जातच नाहीत.

डीएनएसमधल्या तीन नोंदी मात्र स्वतः समजून करा. एसपीएफमध्ये रिले सेवेचा समावेश लिहा, आणि एकूण शोधांची संख्या १० च्या आत ठेवा, त्यापुढे गेलं की अख्खी नोंद बाद धरली जाते. डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटची घ्या. डीएनएसच्या मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच चालतो आणि ही किल्ली त्याहून लांब असते, म्हणून ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. काही डोमेन विक्रेत्यांच्या पानावर ती न सांगता कापली जाते आणि सही जुळत नाही. डीमार्क सुरुवातीला ‘काहीच करू नका, फक्त कळवा’ या पातळीवर ठेवा, महिनाभर येणारे अहवाल वाचा, मग कडक करा. तपासायची सोपी रीत: शाळेतून स्वतःच्या जीमेलवर पत्र पाठवा, तिथे मूळ संदेश दाखवा हा पर्याय निवडा. वरच्या बाजूला तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसायला हवं. एकापुढे जरी नसेल तरी पालकांना परिपत्रक पाठवायला सुरुवात करू नका.

डोमेनबद्दलही बोलतो, कारण तिथे फार नुकसान झालेलं पाहिलं आहे. शाळेला डॉट एड्यू डॉट इन मिळू शकतं, त्याची नोंदणी अर्नेट इंडिया करते आणि शाळेच्या मान्यतेची कागदपत्रं लागतात. थोडा वेळ जातो, पण घ्या. नोंदणी ट्रस्टच्या नावावर, संपर्काचा ईमेल याच सर्व्हरवरचा नको, आणि नूतनीकरणाची तारीख ट्रस्टच्या हिशेबनिसाच्या वहीत. एका शाळेचं डोमेन संगणक शिक्षकाच्या खाजगी खात्यावर होतं. ते नोकरी सोडून परदेशी गेले, डोमेन संपलं, आणि दहावीच्या परीक्षेच्या काळात शाळेचे सगळे पत्ते बंद पडले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त आठवण करून देणारा ईमेल त्यांनी बघितला नाही.

मुलांच्या खात्यांसाठी पोस्टफिक्समधली रिस्ट्रिक्शन क्लास ही सोय वापरा. विद्यार्थी खात्यातून फक्त शाळेच्या पत्त्यांवर पत्र जाईल आणि बाहेरचं पत्र त्यांना येणार नाही, असा दुहेरी बांध घालता येतो. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रवेश परीक्षांसाठी बाहेरची पत्रं लागतात, त्यांचा वेगळा गट करून बांध सैल करा, पालकांच्या संमतीने. पत्त्यात जन्मतारीख किंवा पूर्ण नाव घालू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला जी. आर. नंबर घाला. तो एकमेव असतो, शाळेला कळतो, बाहेरच्याला काही सांगत नाही. दाखला देताना खातं गोठवायचं आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसायचं, हे कलम दाखल्याच्या प्रक्रियेतच लिहून टाका. पुसणं कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडलं तर होत नाही.

कर्मचाऱ्यांसाठी माणसाचा पत्ता वेगळा आणि पदाचा वेगळा ठेवा. प्राचार्य, कार्यालय, परीक्षा विभाग हे पत्ते पदाचे, ते आज ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्या खात्याशी जोडायचे. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या की एक ओळ बदलायची, बोर्डाचं पत्र चुकत नाही.

शिक्षक पहिल्याच आठवड्यात म्हणतील, ‘सगळं माझ्या जीमेलवर पाठवत जा ना.’ नम्रपणे नाही म्हणा. आपोआप पुढे ढकललेल्या पत्रात मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ मोडतं, आणि आत आलेलं स्पॅमही शाळेच्या नावाने जीमेलला पोचतं. त्याऐवजी त्यांच्या फोनमध्ये शाळेचं खातं जोडून द्या, येणाऱ्यासाठी ९९३ पोर्ट, पाठवण्यासाठी ४६५. फोनवर एकदा दिसायला लागलं की तक्रार राहत नाही. हे स्वतः बसून करून द्यावं लागतं, त्याला एक अख्खा शनिवार ठेवा.

स्कॅनरकडे विशेष लक्ष द्या. ऑफिसमधल्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनला पत्र पाठवता यावं म्हणून बसवणारा माणूस पोस्टफिक्सच्या विश्वासू नेटवर्कच्या ओळीत शाळेचं सगळं नेटवर्क घालून जातो. मग संगणक कक्षातल्या चाळीस मशीनपैकी एकाला पेन ड्राइव्हमधून किडा लागला की तो विनापासवर्ड तुमच्याच सर्व्हरमधून हजारो पत्रं पाठवतो, आणि सकाळपर्यंत रिले सेवेने तुमचं खातं बंद केलेलं असतं. त्या ओळीत फक्त मशीन स्वतः असावं. स्कॅनरला त्याचं वेगळं खातं आणि पासवर्ड द्या. शिवाय आरस्पॅमडीमध्ये प्रत्येक खात्याला तासाला किती पत्रं याची मर्यादा घाला. कुणा शिक्षकाचा पासवर्ड फुटलाच तर नुकसान तासाला पन्नासेक पत्रांवर थांबतं. फेल-टू-बॅनही लावा, चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्यांना ते बाहेर ठेवतं.

जोडपत्रांची मर्यादा आधीच सांगून टाका. ईमेलमधून जाताना फाइल अक्षरांच्या रूपात बदलते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १० एमबीच्या आसपास आहे, म्हणजे साडेसात एमबीची पीडीएफही जेमतेम जाते. ऑफिसमधून ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेलं दोन पानी परिपत्रक सहज त्यापुढे जातं, आणि साठ जणांना पाठवलं की जागा साठपट जाते. स्कॅनर २०० डीपीआय, काळा-पांढरा, एवढं लावून ठेवा. मर्यादा मी २५ एमबीपर्यंत नेतो, जीमेलही तेवढंच पाठवू देतं.

मराठी मजकुराबद्दल. विषयाच्या ओळीत देवनागरी बिनधास्त लिहा, युनिकोड असेल तर सगळीकडे नीट दिसतं. ऑफिसमध्ये अजून जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करत असतील, तर तो मजकूर पत्रात चिकटवला की पालकांना इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असं परिपत्रक पीडीएफ करूनच जोडा आणि पुढच्या वर्षापासून युनिकोड सक्तीचं करा. जोडपत्राचं नाव देवनागरीत लांबलचक ठेवलं तर काही जुन्या प्रोग्राममध्ये ते तुटतं, नाव आटोपशीर असू द्या. संपूर्ण ईमेल पत्ताच देवनागरीत घेण्याचा मोह होईल. पोस्टफिक्सला ते २०१५ पासून जमतं, पण समोरच्या प्रत्येक सर्व्हरला आणि फॉर्मला जमतं असं नाही. शाळेचा अधिकृत पत्ता सध्या इंग्रजी अक्षरांतच असावा.

सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट घ्या. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. पण मुदत संपत आल्याचे इशारे ते पूर्वी ईमेलने पाठवत, ते जून २०२५ पासून बंद केले आहेत. नवं झालं की नाही हे रोज तपासून कळवणारी छोटी स्क्रिप्ट लावा, आणि ती शाळेच्या नव्हे, बाहेरच्या पत्त्यावर कळवू द्या. राउंडक्यूब डेबियनच्या भांडारातूनच घ्या आणि सुरक्षा सुधारणा आपोआप बसू द्या. जून २०२५ मध्ये त्यात दहा वर्षांहून जुनी एक गंभीर भेग उघड झाली आणि काही दिवसांतच तिचा गैरवापर सुरू झाला.

एक अडचण नक्की येईल ती आत्ताच सांगतो. घरून वेबमेल उघडेल आणि शाळेतून उघडणार नाही. शाळेच्या आतून सर्व्हरचं नाव विचारलं की बाहेरचा पत्ता मिळतो, आणि पुष्कळ साधे राउटर बाहेर गेलेली विनंती वळवून परत आत आणत नाहीत. अनबाउंडमध्ये त्या नावासाठी आतला पत्ता लिहा आणि शाळेतल्या सगळ्या मशीनना तोच रिझॉल्व्हर द्या.

दोन एसएसडी एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून बॅकअप झाला असं समजू नका. कुणी मेलबॉक्स पुसला तर तो दोन्हींवर त्याच क्षणी पुसला जातो. रोज रात्री रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामने कुलूपबंद प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि आठवड्यातून एकदा दुसरी डिस्क शाळेबाहेर, नदीपासून लांब राहणाऱ्या ट्रस्टींच्या घरी जाऊ द्या. दर सत्राला एक मेलबॉक्स त्या प्रतीतून परत उभा करून बघा. पासवर्ड, डोमेनची माहिती, रिले सेवेचं खातं, बॅकअपची किल्ली हे सगळं कागदावर लिहून बंद पाकिटात ट्रस्टच्या कपाटात ठेवा. दुसरा माणूस म्हणून मी एखाद्या क्लार्कला किंवा तरुण विज्ञान शिक्षकाला तयार करतो. त्याला सगळं यायला हवं असं नाही, पण रांगेत किती पत्रं अडकली आहेत ते बघता यावं आणि लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचता यावा.

लॉग वाचणं सोपं आहे आणि त्याच्याशिवाय तुमचं काम चालणार नाही. पालक म्हणाले, ‘फीची पावती आलीच नाही,’ तर लॉगमध्ये त्यांचा पत्ता शोधा. ओळीच्या शेवटी स्टेटस असतो. ‘सेंट’ आणि पुढे २५० असेल तर रिले सेवेने पत्र स्वीकारलं, आणि ते परत आल्याचा निरोप आलेला नसेल तर पालकांना स्पॅमचा कप्पा बघायला सांगा. ‘डिफर्ड’ असेल तर पत्र रांगेत आहे, कंसातलं कारण वाचा, बहुधा आपोआप सुटतं. ‘बाउन्स्ड’ दिसलं किंवा रिले सेवेकडून परत आल्याचा निरोप आला म्हणजे पत्र कायमचं परत आलं, आणि बहुतेक वेळा प्रवेशाच्या फॉर्मवरून पत्ता उतरवताना अक्षर चुकलेलं असतं.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत करा. आधी फक्त पाच-सहा उत्साही शिक्षक, मग महिन्याभराने सगळे कर्मचारी, आणि मुलं पुढच्या जूनपासून. या क्रमात घाई केली तर पहिल्या आठवड्यातल्या तक्रारींनीच ट्रस्टींचा विश्वास उडतो.

आज एकच गोष्ट करून बघा. राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा आयपी पत्ता काय दिसतो ते लिहून घ्या, आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी तो जुळवा. दोन्ही सारखे असतील तर इंटरनेट कंपनीकडे स्थिर आयपीचा अर्ज करा आणि येणारं २५ पोर्ट उघडं मिळेल का ते लेखी विचारा. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सामायिक पत्त्यामागे आहात आणि बाहेरचं पत्र थेट तुमच्यापर्यंत येऊ शकणार नाही. तेव्हा एक छोटा भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, पुढे ठेवून, त्याच्यापासून शाळेपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने सुरक्षित बोगदा टाकावा लागेल. तसं निघालं तर आकडे लिहून पाठवा, त्याची सेटिंग मी ओळीओळीने लिहून देतो.